वाचकांचे प्रश्न : कोकरू पोटात असते तरी कसे?

या महिन्याच्या टपालात मेंढ्यांविषयीची पाच पत्रे निघाली आणि पाचही पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. म्हणून दुभत्या जनावरांचे आणि कोंबड्यांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. काटोलकडचे पत्र सर्वांत आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्याच्या उत्तरावरच उभी आहेत.

प्रश्न : आमच्याकडे अकरा मेंढ्या आणि सहा बकऱ्या आहेत. आषाढात फळलेली एक मेंढी मार्गशीर्षात कोठ्यातच व्याली. पहिले पिल्लू पुढच्या पायांवर डोके ठेवून सरळ आले, दुसऱ्याचे मात्र मागचे पाय आधी दिसले. सुदैवाने दोन्ही वाचली. आमच्या धुऱ्याला उतरलेल्या काठेवाडी कळपातील एका आजोबांचे म्हणणे असे की, पिल्लू पाच महिने एकाच जागी बसलेले असते आणि विण्याच्या दिवशी कोलांटी घेते. शेजारचे काका म्हणतात की, ते पहिल्या दिवसापासूनच दाराकडे तोंड करून असते. खरे काय समजावे? आणि दोन पिल्ले असली म्हणजे ती एकावर एक असतात की शेजारी शेजारी?
— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : काकांचे आणि आजोबांचे, दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. कोकराचे तोंड पहिल्या दिवसापासून दाराकडे नसते आणि पाच महिने ते एका जागी बसूनही राहत नाही. मात्र विण्याच्या वेळी ते हालते, हे आजोबांनी अचूक सांगितले आहे. त्यांनी जिला कोलांटी म्हटले ते खरे पाहता कूस बदलणे असते. हा फरक बारीक वाटला तरी मेंढी अडली की तोच कामाला येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी घर पाहू. माणसाचे गर्भाशय एका पिशवीसारखे असते. मेंढीच्या गर्भाशयाचा मधला भाग अगदी आखूड असून त्यातून दोन लांब शिंगे निघतात आणि ती मेंढ्याच्या डोक्यावरील शिंगांसारखीच वळलेली असतात. कोकरू वाढते ते या शिंगांत. शिंगाच्या आतल्या अंगाला मांसल बटणांच्या रांगा असून दोन्ही शिंगे मिळून त्यांची संख्या साधारणपणे ७० ते १०० भरते. गाईच्या गर्भाशयात ही बटणे फुगीर असतात, मेंढीच्या गर्भाशयात ती पणतीसारखी खोलगट असतात आणि वारेचे झुबके त्या पणत्यांत घट्ट बसलेले असतात. कोकरू स्वतः मात्र कुठेही चिकटलेले नसते. ते नाळेने वारेशी जोडलेले आणि एकात एक असलेल्या पाण्याच्या दोन पिशव्यांच्या आत तरंगत असते. पाच महिने जागेवर बसून राहते ती वार. जुन्या मेंढपाळांनी व्याल्यानंतर पडलेली वार शेकडो वेळा पाहिलेली असते, आतले कोकरू मात्र पाहिलेले नसते, आणि वारेचा स्थिरपणा कोकराला चिकटवला जातो तो बहुधा यामुळेच, असे मला वाटते.

एकच कोकरू असेल तर ते एका शिंगात राहते, पण त्याची वार तेवढ्या जागेवर भागवत नाही. ती पलीकडच्या रिकाम्या शिंगातही पसरते आणि तिथली बटणे वापरते. दोन कोकरे असली तर सहसा एकेका शिंगात एकेक राहते. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘शेजारी शेजारी, पण वेगवेगळ्या खोल्यांत’ असे द्यावे लागेल. यात नवलाची गोष्ट अशी की, दोन्ही बीजे एकाच बाजूच्या अंडाशयातून सुटली तरी पुष्कळदा हीच वाटणी होते. मेंढी फळल्यानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, गर्भ भिंतीला चिकटण्याच्या आधी, त्यांतला एक सरकत सरकत पलीकडच्या शिंगात जाऊन राहतो. त्या वयात त्याच्यात कोकराचे रूप काहीच नसते. त्याचे आवरण सुताच्या धाग्यासारखे दहा-पंधरा सेंटीमीटर लांबलेले असते. तिळी असली की मात्र कुठल्या तरी एका शिंगात दोघांना दाटीवाटीने राहावे लागते आणि विताना पायांची गुंतागुंत होण्याचा संभव तिथे वाढतो.

ओघाने आले म्हणून सांगतो. गाईला जुळ्यांत गोऱ्हा आणि कालवड अशी जोडी झाली तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, कारण पोटात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. मेंढीत असे क्वचित घडते. त्यामुळे आपल्या जुळ्यांत मादी असेल तर या भीतीपोटी ती विकून टाकू नये.

आता कोकराच्या दिशेकडे वळू. मेंढीचा गाभण काळ सरासरी १४७ दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांना दोन-चार दिवस कमी. त्याच्या पहिल्या निम्म्या भागात पाणी भरपूर आणि कोकरू लहान असा मामला असतो. साठाव्या दिवशी ते वीतभरही नसते. त्या काळात त्याचे डोके कधी दाराकडे, कधी शिंगाच्या टोकाकडे, कधी आडवे असते, आणि सकाळी एका दिशेला असलेले कोकरू संध्याकाळी दुसऱ्या दिशेला असू शकते.

सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना कत्तलखान्यातून आणलेले एका गाभण मेंढीचे गर्भाशय आमच्या सरांनी ट्रेमध्ये ठेवून उघडले होते. कोकरू साधारण तीन महिन्यांचे असावे. अंगावर लोकर नव्हती, ओठांभोवती आणि डोळ्यांच्या वर तेवढे तुरळक केस आले होते. पातळ पिशवीच्या आरपार दिसत होते की हनुवटी छातीला टेकलेली आहे, चारही पाय पोटाशी दुमडलेले आहेत आणि तोंड शिंगाच्या टोकाकडे आहे. माझ्या शेजारचा मित्र पटकन म्हणाला, ‘सर, हे उलटे आहे.’ सरांनी ट्रेची एक कड किंचित उचलली. पाण्यातले ते कोकरू सावकाश कुशीवर वळले आणि पुन्हा थांबले. सर म्हणाले, ‘अजून दोन महिने आहेत. हे उलटेही नाही आणि सुलटेही नाही.’ मला त्या दिवशीची आणखी एक गोष्ट आठवते, ती त्याच्या खुरांची. प्रत्येक खुराच्या टोकावर पिवळट पांढऱ्या, मऊ, रबरासारख्या गराचे बोंड होते. एवढी टोकदार खुरे घेऊन लाथा झाडणारे जनावर आईच्या गर्भाशयाला इजा का करत नाही, याचे उत्तर त्या बोंडात आहे. पुढच्या वेळी आपली मेंढी व्याली की कोकराचे अंग सुकण्याच्या आत त्याचे खूर पाहावे. हे बोंड हाताला लागते आणि कोकरू चालू लागले की काही तासांतच सुकून झिजून जाते.

शेवटच्या दीड महिन्यात चित्र पालटते. जन्माच्या वेळच्या वजनापैकी सुमारे ७० टक्के वजन कोकरू शेवटच्या सहा आठवड्यांत कमावते, पाणी मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. लांबीमुळे त्याला शिंगाच्या सरळ रेषेतच राहणे भाग पडते, आणि एकदा अंग मोठे झाले की डोके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणे त्याला सहसा जमत नाही. बहुतेक कोकरांचे डोके तोवर दाराकडे आलेले असते. एकुलत्या कोकरांपैकी सुमारे ९५ टक्के कोकरे अशीच, डोक्याकडून जन्माला येतात. काकांचे म्हणणे या शेवटच्या टप्प्यापुरते खरे आहे.

पण तोंड दाराकडे असले म्हणजे कोकरू बाहेर पडण्याच्या तयारीत असते असे मात्र समजू नये. या वेळी ते सहसा आपल्यासमोर उभ्या असलेल्या कोकरासारखे, पाय खाली आणि पाठ वर असे नसते. ते उताणे किंवा एका कुशीवर असते, म्हणजे त्याची पाठ आईच्या पोटाकडे किंवा बगलेकडे असते. मान वाकलेली, गुडघे दुमडलेले, सगळे अंग आखडून लहान केलेले. अशा अवस्थेत ते जननमार्गातून निघू शकत नाही. कळांचा पहिला टप्पा सुरू झाला की मेंढी कळपापासून बाजूला होते, खुराने माती उकरते, उठते, बसते, स्वतःच्या बगलेकडे वळून पाहते. हा टप्पा दोन ते सहा तास, पहिलारू मेंढीत त्याहून अधिक वेळही चालतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटते. आत मात्र नेमके याच वेळी कोकरू उताण्याचे पालथे होते, मान लांबवते आणि पुढचे दोन्ही पाय सरळ करून नाकपुडी त्यांच्या गुडघ्यांवर ठेवते. विहिरीत सूर मारणारा पोरगा हात पुढे करून डोके दोन्ही दंडांच्या मध्ये घेतो, तसे ते दिसते. आजोबांची कोलांटी ती हीच. शेपटी होती त्याच बाजूला राहते, फक्त पाठ खालून वर येते.

हे वळणे काही केवळ कळांच्या रेट्याने होत नाही. कोकरू स्वतः अंग ताणते, पाय झाडते, मान उचलते. म्हणूनच पोटात दगावलेले किंवा अगदी अशक्त कोकरू पुष्कळदा मान वळलेल्या किंवा पाय मुडपलेल्या स्थितीत अडकते. त्याच्यात स्वतःला सरळ करण्याची ताकद नसते. इतकेच काय, विण्याची वेळही कोकरूच ठरवते. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की, गर्भातील कोकराची पिट्युटरी ग्रंथी नष्ट केली तर मेंढी दिवस भरूनही वीत नाही, आणि कोकराला कॉर्टिसॉलच्या जातीचे औषध दिले तर ती दिवस भरण्याच्या आधीच विते. पूर्ण वाढलेल्या कोकराच्या ॲड्रीनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल वाढते, वारेतील संप्रेरकांचा तोल बदलतो आणि कळा सुरू होतात. त्या प्रयोगांत वेळेआधी जन्मलेली काही कोकरे अपेक्षेपेक्षा बरा श्वास घेताना दिसली. लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी तोच धागा धरून स्त्रियांवर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याची भीती असलेल्या मातेला आज बाळाच्या फुप्फुसांसाठी जे स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, त्याचे मूळ मेंढीच्या पोटातल्या कोकरात आहे.

राहिला आपल्या दुसऱ्या पिल्लाचा प्रश्न. जुळ्यांत प्रत्येक कोकराला स्वतंत्र शिंग मिळत असले तरी एकूण पोट तेवढेच असते, त्यामुळे वेळेवर दिशा साधण्याची संधी दोघांना सारखी मिळत नाही. मागच्या पायांकडून येणारी कोकरे एकुलत्यांपेक्षा जुळ्यांत जास्त आढळतात. ती चूक आपल्या चाऱ्याची नाही आणि मेंढीला दूर चालवल्याचीही नाही. मागचे दोन्ही पाय सरळ बाहेर आलेले कोकरू जगण्याची शक्यता चांगली असते, हे आपण अनुभवलेच आहे. बकऱ्यांनाही हे सगळे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. त्यांचे दिवस तेवढे थोडे जास्त, सरासरी दीडशे असतात.

प्रश्न : आमच्याकडे असे मानतात की, गाभण मेंढीचे पोट उजवीकडे फुगलेले दिसले तर नर होतो आणि डावीकडे दिसले तर मादी. यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : नाही. मेंढीच्या पोटाची डावी बाजू जवळजवळ संपूर्णपणे रवंथाच्या मोठ्या कोठीने, म्हणजे आपण जिला पोटली म्हणतो तिने व्यापलेली असते, आणि मोठ्या मेंढीत तिची क्षमता पंधरा लिटरांच्या आसपास असते. गाभण गर्भाशयाला त्यामुळे उजवीकडे आणि खाली सरकावे लागते, मग आत नर असो वा मादी. डावी बाजू फुगलेली दिसली तर मेंढीने नुकतेच पोटभर खाल्ले आहे एवढेच समजावे, आणि फुगवटा ढोलासारखा कडक लागत असेल तर पोटफुगीची शंका घेऊन ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

या दाटीची एक व्यावहारिक बाजू आहे आणि ती नर-मादीच्या अंदाजापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. शेवटच्या महिना-दीड महिन्यात वाढणारे कोकरू रवंथाच्या कोठीलाच दाबू लागते. पोटात जागा कमी, आणि कोकरांची मागणी मात्र याच काळात सर्वांत जास्त. नुसते तुरीचे कुटार खाऊन मेंढीचे पोट भरते पण ऊर्जा भागत नाही. जुळी असलेल्या मेंढीत रक्तातील साखर उतरते, ती खाणे सोडते, कळपात मागे राहते, डोके भिंतीला टेकवून उभी राहते. हा गाभणकाळातील विषबाधेचा आजार आहे आणि उशीर झाला तर तो आई आणि कोकरे तिघांनाही घेऊन जातो. म्हणून शेवटचे सहा आठवडे कुटाराच्या जोडीला थोडी ढेप किंवा भरडलेले धान्य द्यावे, आणि ते एकदम न वाढवता आठवडाभरात हळूहळू वाढवावे.

कोकरू हाताला जाणवते का, असेही आपण विचारले आहे. शेवटच्या महिन्यात, सकाळी चरायला सोडण्याआधी, उजव्या बगलेच्या खालच्या भागावर मूठ टेकवून हलकेच आत दाबावे आणि तशीच ठेवावी. पाण्यात दूर सरकलेला टणक गोळा परत येऊन मुठीला लागतो. त्यावरून कोकरू आहे हे कळते. ते कुठे तोंड करून आहे हे या रीतीने कळत नाही, आणि जोराने तर मुळीच दाबू नये.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. माणसाचे बाळ डोक्याकडून येते आणि त्याचे हात अंगाशी असतात, कोकराचे मात्र पुढचे पाय आधी येतात. दोन्ही सस्तन प्राणी असताना हा फरक का? आणि मागच्या पायांनी जन्मलेल्या कोकराला ‘पायाळू’ म्हटले तर चालेल का?
— एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : फरक अंगाच्या घडणीत आहे. माणसाच्या बाळाचे डोके हा त्याच्या अंगाचा सर्वांत मोठा आणि गोल भाग. ते एकदा निघाले की खांदे थोडे वळून मागोमाग येतात, आणि आखूड हात छातीशी दुमडलेले असले तरी अडचण होत नाही. कोकराचे डोके निमुळते, मान लांब आणि पाय अंगाच्या मानाने फारच लांब असतात. ते पाय मागे राहिले तर खांद्यांच्या जाडीत दुमडलेल्या पायांची जाडी मिळते आणि कोकरू आईच्या कमरेच्या हाडांच्या चौकटीत अडते. पाय पुढे, त्यांवर नाक, मग कपाळ, मग खांदे अशी चढत्या जाडीची पाचर तयार झाली की वाट टप्प्याटप्प्याने रुंदावत जाते. मुलांना समजावताना शर्ट घालण्याचे उदाहरण द्यावे. हात बाहीत आधी न घालता आधी डोके आणि खांदे कोंबले तर काय होते, ते त्यांना लगेच कळते.

एक साम्यही सांगण्यासारखे आहे. दिवस भरलेल्या मानवी बाळांपैकी तीन ते चार टक्केच पायांकडून किंवा कुल्ल्यांकडून येतात. म्हणजे दोन पायांवर चालणारी आई असो वा चार पायांवर, डोक्याकडून येणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच पडते.

‘पायाळू’ हा शब्द आपण माणसासाठीच वापरतो. पायाळू माणसावर वीज पडते, त्याची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, अशा समजुती आपल्या घरोघरी आहेत. यांपैकी एकीलाही आधार नाही, पण शब्द इतका नेमका आहे की कोकरासाठी तो वापरायला माझी हरकत नाही. मात्र वर्गात एक भेद जरूर सांगावा. मागचे दोन्ही पाय सरळ बाहेर येणे ही एक गोष्ट, आणि पाय पोटाखाली दुमडून नुसती शेपटी दाराशी येणे ही दुसरी. पायाळू म्हणावे ते पहिल्याला. दुसरे स्वतःहून निघूच शकत नाही.

आपल्या परंपरेत हे भेद फार पूर्वी नोंदलेले आहेत, हेही मुलांना आवडेल. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटले असून त्याचे कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ असे प्रकार दिले आहेत. खुंट्यासारखा अडकतो तो कील, एक हात आणि डोके बाहेर येते तो बीजक, दाराच्या अडसरासारखा आडवा पडतो तो परिघ. हातपाय आणि डोके बाहेर येऊन धड अडते तो प्रतिखुर. माणसाच्या गर्भाच्या या वर्णनात ‘खुर’ हा शब्द यावा, याची मला गंमत वाटत आली आहे. नाव देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोठ्यातली अडलेली गाय किंवा मेंढी असावी असा माझा तर्क आहे. त्याला पुरावा मागू नये.

प्रश्न : रात्री मेंढी अडली आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ लागणार असेल, तर आत कोकरू कसे आहे हे हाताने कसे ओळखावे?
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : पहिली गोष्ट, घाई करू नये. वर सांगितलेल्या अस्वस्थतेच्या टप्प्यात हात घालणे म्हणजे कोकरू स्वतःला सरळ करत असताना त्याच्या कामात विघ्न आणणे. पाणमोट फुटून मेंढी जोरात कळा देत असेल आणि अर्ध्या ते एका तासात काहीच पुढे सरकत नसेल, तर मात्र पाहिले पाहिजे. नखे कापावीत, अंगठी आणि कडे काढावे, हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, हातमोजा आणि निसरडे जेल वापरावे. घरातील गरोदर स्त्रीने या कामात मुळीच सहभागी होऊ नये, वारेलाही हात लावू नये, कारण मेंढ्या-बकऱ्यांच्या गर्भजलातून आणि वारेतून पसरणारे काही संसर्ग गर्भपात घडवू शकतात.

हाताला पाय लागला की तो पुढचा की मागचा, हे सांध्यांवरून ओळखावे. खुराच्या वरचा पहिला सांधा आणि त्याच्या वरचा दुसरा सांधा एकाच दिशेने वाकत असतील तर तो पुढचा पाय. पहिला एका दिशेने आणि दुसरा उलट दिशेने वाकत असेल, आणि दुसऱ्या सांध्याला मागे टोकदार टाच लागत असेल, तर तो मागचा पाय. ही खूण दिवसा एखाद्या मोठ्या कोकराच्या पायांवर डोळे मिटून दहा वेळा करून पाहावी. रात्री कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, कळांच्या दाबाखाली बधिर झालेल्या बोटांना ती आपोआप सुचत नाही. खुराचे तळवे जमिनीकडे असतील तर कोकरू बहुधा पालथे आणि डोक्याकडून येत आहे. तळवे वर असतील तर ते मागच्या पायांकडून येत आहे, किंवा अजून उताणेच आहे.

दोन पाय लागले म्हणजे ते एकाच कोकराचे असतात असे नाही. जुळ्यांत एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असे पाय दाराशी येतात आणि ओढणारा दोघांनाही अडकवून ठेवतो. म्हणून प्रत्येक पायावरून हात वर सरकवत खांद्यापर्यंत आणि तिथून छातीवरून दुसऱ्या पायापर्यंत न्यावा, आणि दोन्ही पाय एकाच छातीला जोडलेले आहेत अशी खात्री होईपर्यंत ओढू नये.

नाक आणि एकच पाय लागला तर दुसरा पाय मागे राहिला आहे. दोन कळांच्या मधल्या उसंतीत कोकराला हलकेच मागे सारावे, मागे राहिलेला खूर तळहाताच्या ओंजळीत झाकून पुढे आणावा, म्हणजे खुराचे टोक गर्भाशयाला लागत नाही. दोन्ही पाय आहेत पण नाक नाही, तर मान मागे वळलेली आहे. अशा वेळी पाय ओढले की मान अधिकच वळते, म्हणून डोके पुढे आणल्याशिवाय ओढणे नाही. मागचे दोन्ही पाय सरळ आले असतील तर कोकराला फिरवण्याचा प्रयत्न करू नये. पाय एकसारखे, किंचित खालच्या दिशेने ओढावेत, आणि कंबर बाहेर आल्यानंतर थांबू नये. त्या क्षणी नाळ आईच्या हाडांवर दाबली जाते, डोके अजून पाण्यात असते, आणि कोकराने तिथेच श्वास घेतला तर ते गर्भजल छातीत ओढते. नुसती शेपटी लागली, किंवा बरगड्यांची आडवी बाजू लागली, किंवा दारच बोटभर उघडलेले असले, तर हात बाहेर काढावा आणि डॉक्टरांची वाट पाहावी. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला कळवता येते. रात्री आपल्या भागातील डॉक्टरांचा क्रमांक हाताशी असणे अधिक भरवशाचे, आणि तो मेंढी अडण्याच्या आधी लिहून ठेवलेला असावा.

पाच मिनिटांहून अधिक काळ चाचपूनही काय लागते आहे हे कळत नसेल, तर पुढे चाचपणे नुकसानीचेच असते. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मेंढीला तासभर चाचपत बसलो होतो, आणि जे डोके मानून मी पुढे आणू पाहत होतो ते कोकराचे ढुंगण होते. वरिष्ठांनी येऊन हात घातला आणि मला एकच विचारले, ‘दात लागले होते का?’ तेव्हापासून डोके लागले असे वाटले की मी तोंडात बोट घालून पाहतो. कोकरू जिवंत असेल तर ते पुष्कळदा बोट चोखतेही.

प्रश्न : सोनोग्राफीने कोकरू उलटे आहे की सरळ, हे आधीच कळू शकते का? तसे असेल तर प्रत्येक मेंढीची तपासणी करावी का?
— एक वाचक, सावनेर

उत्तर : स्थितीसाठी करू नये. साठ-सत्तराव्या दिवशी दिसलेली दिशा विण्याच्या दिवशी टिकेलच असे नाही, हे काटोलच्या उत्तरात आलेच आहे, आणि शेवटच्या आठवड्यांत कोकरू एवढे मोठे असते की पडद्यावर त्याचा एकेक तुकडाच दिसतो. शिवाय ते उताणे आहे असे कळले तरी करण्यासारखे काही नसते. त्या वेळी ते उताणे किंवा कुशीवर असणे हेच स्वाभाविक आहे.

संख्येसाठी मात्र तपासणी अवश्य करावी. साधारण ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान कोकरे किती आहेत हे चांगले मोजता येते. आपल्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. पण सुंदरबनातील गरोळ मेंढीकडून आलेला जुळ्यांचा जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला आहे, आणि अशा मेंढ्या ज्यांच्या कळपात आहेत त्यांना ही मोजणी विशेष उपयोगाची आहे. जुळी असलेल्या मेंढ्यांना आधीच रंगाची खूण करून शेवटचे सहा आठवडे वेगळा खुराक देता येतो, आणि पहिले कोकरू बाहेर आल्यावर आत आणखी एक आहे हे आपल्याला ठाऊक असते. दोघांमधले अंतर सहसा दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असते. तासाहून अधिक वेळ गेला आणि मेंढी नुसतीच पहिल्याला चाटत बसली असेल, तर तिच्या खुणेकडे पाहावे आणि हात धुवायला घ्यावेत.